आप्पांनी आवळलेले नट

पहिला नट निघाला तो चौथ्या दिवशी. तोवर माझ्या उजव्या हाताची तीन बोटं सोलून निघाली होती, एका रिंग पान्याचं तोंड पसरलं होतं आणि मागच्या मडगार्डच्या बोल्टचं डोकं सुपारीसारखं गोल झालं होतं. निघालेला नट फार मानाचा होता असंही नाही. चेन कव्हरचा, दहा नंबरचा. तो फिरला तेव्हा 'कट्' असा आवाज आला आणि मला वाटलं, हाही तुटला. पण पाना पुढे सरकत राहिला, नटाच्या बुडातून लाल भुकटी गळली, आणि मी तो तीन ग्रॅमचा ऐवज तळहातावर घेऊन घरभर दाखवत फिरलो. घरात शेजारच्या काकू आणि त्यांचं मांजर सोडून कोणी नव्हतं.

गाडी आप्पांची. येझदी रोडकिंग मोटारसायकल, 1987 साली घेतलेली. आप्पा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. गुहागर, चिपळूण, दापोली भागातले कितीतरी रस्ते आणि मोऱ्या त्यांनी या गाडीवरून फिरून तपासल्या. 2004 साली गुडघ्यांनी नकार दिला आणि गाडी पडवीत लागली ती लागलीच. वर ताडपत्री, ताडपत्रीवर गोणपाट, गोणपाटावर दरवर्षी बदलणारी कोंबडी. आमचं घर गुहागरच्या समुद्रापासून पाच मिनिटांवर. सुरूच्या बनातून येणाऱ्या वाऱ्याचं पाहुण्यांना फार कौतुक असतं. खिडकीच्या बिजागऱ्या, विहिरीवरच्या पंपाचे बोल्ट आणि तुळशीवृंदावनाचं लोखंडी दार यांचं मत वेगळं आहे.

आप्पा-आई आता डोंबिवलीला दादाकडे असतात, मी पुण्यात. यंदा मे महिन्यात तीन आठवड्यांची रजा टाकून गावी आलो, गाडी चालू करायची म्हणून. पाऊस लागायच्या आत. मोबाइलवर बरंच बघून ठेवलं होतं. पुण्याहून पान्यांचा नवा सेट, गोट्या (म्हणजे नटावर टोपीसारखे बसणारे सॉकेट), त्या फिरवायचा रॅचेट आणि गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन स्प्रे आणले होते. इंजिन उघडून पिस्टन, रिंगा, ऑइल सील बघायचे, कार्बुरेटर साफ करायचा, टाकीतला गंज काढायचा, अशी यादी होती. त्या यादीत 'नट सोडवणे' हे काम मी लिहिलंच नव्हतं. ते पोहे करताना 'गॅस पेटवणे' लिहिल्यासारखं झालं असतं. प्रत्यक्षात तीन आठवड्यांतले दोन त्यातच गेले.

इथे आप्पांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. आप्पा सगळंच जास्त आवळतात. नळ असा बंद करतात की पुढच्या माणसाला दोन हात लावावे लागतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांनी लावलं की आई बरणी तशीच शेजारी नेऊन देते. लहानपणी मला शाळेच्या बुटांची लेस ते बांधत, आणि मधल्या सुट्टीपर्यंत पाय बधिर झालेला असे. आयुष्यभर सैल खडी, सैल डबर आणि सैल कंत्राटदार बघितल्याचा हा परिणाम असावा. गाडीचं बारीकसारीक काम ते स्वतः करत आणि प्रत्येक नट बसल्यावर पान्याला वरून एक झटका देत. 'बसला' असं म्हणत. तो झटका मला अजून ऐकू येतो.

नट-बोल्ट कसा धरून राहतो हे मला शाळेत कोणी नीट सांगितलं नव्हतं. बोल्ट म्हणजे खरं तर एक फार कडक स्प्रिंग. आवळताना तो किंचित ताणला जातो, आणि तो ताण दोन भागांना एकत्र दाबून धरतो. पण पान्याला लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा या ताणात जातो. साधारण निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात खर्ची पडतो आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात. म्हणजे सगळं नवं, स्वच्छ असतानाच नव्वद टक्के झगडा घासण्याशी आहे. त्यात मग गंज येतो. गंज म्हणजे लोखंड खाऊन तयार झालेली भुकटी, आणि तिला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. आट्यांमधल्या फटीत तेवढी जागा नसते. मग ती भुकटी पाचरीसारखी रुतत जाते. बोल्ट आवळणारं कोणी नसताना आवळला जात राहतो, पडवीत, रात्री, वर्षानुवर्षं. आप्पांनी दिलेला झटका हा फक्त पहिला हप्ता होता.

माझी पहिली चूक नेहमीचीच. नट हलेना म्हणून पान्याला पाइप लावला. सहा एमएमच्या बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटर जोर पुरतो. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला पाच किलोचं ओझं टांगल्यासारखं, बस. मी हातभर पाइप लावून वर स्वतःचं सगळं वजन टाकत होतो. त्यातून दोनच गोष्टी होऊ शकतात. पाना घसरून डोक्याचे कोपरे खातो, नाहीतर बोल्ट तुटतो. माझ्याकडचा रिंग पाना बारा कोनी होता. बारा कोनी पाना कुठल्याही कोनात चटकन बसतो, म्हणून हाताला आवडतो, पण नटाला तो कोपऱ्याच्या टोकाजवळ पकडतो. गंजून आधीच झिजलेल्या डोक्यावर सहा कोनी गोटीच हवी. हे मला बोल्टची सुपारी झाल्यावर कळलं.

दुसरी चूक सांगायला लाज वाटते, पण सांगतो. फूटरेस्टचा बोल्ट मी गाडीखाली उताणा झोपून, उलट्या बाजूने सोडवत होतो. अर्धा तास. घाम, शिव्या, स्प्रे. मग पाणी प्यायला उठलो, उभा राहून हवेत हात फिरवून बघितला आणि लक्षात आलं की मी तो अर्धा तास आवळत होतो. आप्पांना अभिमान वाटला असता. तेव्हापासून प्रत्येक बोल्टपाशी मी बोटाने हवेत बाण काढतो. शेजारच्या काकूंचा पोरगा विचारतो, 'काका, मंत्र म्हणताय का?' याच पोराने कुठेसं बघून एका नटावर कोकाकोला ओतला होता. त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं, ते गंजावर चालतं, हे सगळं खरं. पण साखरही असते. दुसऱ्या दिवशी नट जागेवरच होता आणि मुंग्यांची रांग पडवीपासून हंड्यापर्यंत गेली होती.

चौथ्या दिवशी चाचा आले. शृंगारतळीच्या अलीकडे राहतात. चिपळूणच्या बाजारपेठेत त्यांचं गॅरेज होतं, आप्पांची गाडी तिथेच जायची. आप्पांनी डोंबिवलीहून फोन करून सांगितलं होतं, पोरगा गाडीची वाट लावेल, जरा बघून या. चाचा आले, खुर्चीवर बसले, चहा घेतला, पाइप लावलेला पाना बघितला आणि म्हणाले, 'हा पाइप आधी विहिरीत टाक.'

मग त्यांनी काय केलं तर एक छोटी हातोडी आणि पितळेचा गोल तुकडा काढला, तुकडा त्या चेन कव्हरच्या नटावर ठेवला आणि वरून टक टक टक असे दहा-बारा ठोके मारले. मोठे नाहीत, दाराची कडी वाजवावी तसे. मग नटाच्या कडेने तेलाचे दोन थेंब. मग पुन्हा चहा. मला वाटलं, झालं आता, म्हातारा संध्याकाळपर्यंत बसणार. दहा मिनिटांनी पुन्हा ठोके, पुन्हा थेंब. मग पाना माझ्या हातात दिला.

'आवळ.'

'आवळू? सोडवायचाय ना, चाचा?'

'आवळ सांगतो ना. जरासा. हलला की मग सोड.'

मी आवळला. तेव्हाच तो 'कट्' आवाज आला. गंजाचा सांधा कुठल्या बाजूला तुटतो याला महत्त्व नाही, तुटणं महत्त्वाचं. एकाच दिशेने रेटत राहिलं की भुकटी त्याच कोपऱ्यात जाऊन बसते. जरा आवळलं, जरा सोडलं, की ती दळली जाते आणि तेलाला आत जायला वाट होते. आणि ठोक्यांचं म्हणाल तर, निम्मं घर्षण डोक्याखालीच असतं. डोक्यावर ठोका बसला की तो दाब क्षणभर हलतो आणि कोरड्या गंजाला केसभर भेगा पडतात. चाचांना हे पन्नास-चाळीस-दहाचं गणित सांगितलं तर म्हणाले, 'असेल. मला वाटायचं, झोपलेल्याला हाक मारल्यासारखं आहे.'

स्प्रेबद्दल त्यांचं मत फार वाईट. ते त्याला 'फुसफुस' म्हणतात. मी जे दोन डबे आणले होते त्यातला एक डब्ल्यूडी-40 होता. त्याचं नावच मुळी पाणी हटवण्यावरून पडलंय. 1953 साली अमेरिकेत सॅन डिएगोला ते बनलं, ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून, आणि म्हणे चाळीसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून चाळीस. पाणी हटवायला उत्तम, जुन्या गंजात खोल शिरायला बेताचं. चाचांचा मसाला वेगळा. गिअरबॉक्सचं पातळ ऑइल आणि थिनर, अंदाजाने. थिनर तेलाला फटीत ओढून नेतो आणि उडून जातो, तेल मागे राहतं. पूर्वी ते रॉकेल वापरत, पण रॉकेल आता सहजी मिळत नाही. मात्र खरं औषध तेल नव्हेच, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी जाताना त्यांनी गाडीवरच्या झाडून सगळ्या नटांवर एकेक थेंब सोडला, प्रत्येकाला चार ठोके दिले आणि मला बजावलं की उद्या पाना हातात घ्यायचा नाही, फक्त हेच करायचं. परवाही. मी रजेचे दिवस मोजत होतो आणि ते म्हणत होते, फक्त थेंब.

त्या दोन दिवसांत त्यांच्याकडून पुराची गोष्ट ऐकली. 22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा त्यांच्या गॅरेजमध्ये अकरा गाड्या होत्या. दोन दिवसांनी शटर उघडलं तर आत गाळच गाळ, आणि पान्यांच्या पेट्या गाळात रुतलेल्या. त्यांच्या चाळीस वर्षांच्या हत्यारांवर आठवड्याभरात गंज चढला. मग पुढचे कित्येक महिने चिपळूणमधल्या प्रत्येक मेकॅनिककडे एकच काम होतं, चिखल प्यायलेली इंजिनं उघडायची. 'तेव्हा शिकलो,' चाचा म्हणाले, 'आधीची पस्तीस वर्षं नुसता जोर केला. पुरानंतर गाड्या इतक्या होत्या की एकीला तेल सोडून दुसरीकडे जावंच लागायचं. परत यायला चार दिवस लागायचे. आलो की नट निघायचा. मग कळलं, आपण चार दिवस आलो नाही म्हणून निघाला.' ती कामं संपल्यावर गॅरेज मुलाकडे देऊन ते गावी आले. पुराचं पाणी बरं, असंही म्हणाले. गोडं असतं, लवकर उघडलं तर सगळं सुटतं. हे खारं वारं वाईट, आवाज करत नाही.

खाऱ्या वाऱ्याचा खरा इंगा क्लच कव्हरने दाखवला. इंजिनाच्या डाव्या अंगाचं ॲल्युमिनियमचं झाकण, त्यात लोखंडी स्क्रू, चपट्या खाचेचे. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र, मध्ये खारट ओल, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये सिमेंटसारखी बसते. तिला तेल फारसं मानवत नाही, उष्णता मानवते. सारख्याच तापमानाला ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे झाकण तापवलं की भोक स्क्रूपेक्षा जास्त मोठं होतं. किती जास्त, हे मी कागदावर काढून बघितलं. सहा मिलिमीटरच्या भोकाला दीडशे अंश तापवलं तर फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. केसाच्या जाडीचाही छोटा तुकडा. तेवढ्यावर सगळा खेळ.

चाचांनी टाकी उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला लावली, पेट्रोल-थिनरच्या बाटल्याही, आणि ब्लो लॅम्प पेटवला. स्क्रूवर ज्योत धरायची नाही, भोवतालच्या धातूवर फिरवत राहायची. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचला पाहिजे, इतकं तापवायचं. मग खाचेत पूर्ण भरेल असा रुंद स्क्रू ड्रायव्हर, वर हातोडीचा ठोका, आणि ठोका बसताबसताच पिळा. यासाठी ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो. डोक्यावर हातोडी मारली की टोक आपोआप थोडं फिरतं. टू-व्हीलर उघडणाऱ्या कोणी पैसे खर्च करायचेच असतील तर आधी यावर करावे, माझ्यासारखे चकचकीत रॅचेटवर नव्हेत. माझ्या मित्राच्या यामाहा आरएक्स 100ला तर अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू आहेत, जपानी मापाचे. त्यात आपला बाजारातला फिलिप्स ड्रायव्हर पुरता बसत नाही, जोर वाढला की उडून वर येतो आणि खाच पाघळवतो. लोक म्हणतात यामाहाचे स्क्रू मऊ. स्क्रूचा बिचाऱ्याचा दोष नाही.

सगळे स्क्रू निघाले, एक सोडून. तो मी मोडला. चाचा जेवायला गेले होते आणि मला वाटलं, आता जमलं आपल्याला. डोकं तुटून हातात आलं, धड आत. इथे शहाणा माणूस पाना ठेवून जेवायला गेला असता. मी मोडका स्क्रू काढायचं इझी-आउट नावाचं हत्यार काढलं. तुटलेल्या स्क्रूत भोक पाडायचं, हे उलट्या पिळाचं टोक आत ठोकायचं आणि डावीकडे फिरवायचं, की स्क्रू धरून बाहेर येतो. चित्रात येतो. माझं भोक मध्यापासून सरकलेलं होतं, आणि जो स्क्रू अख्ख्या डोक्याने निघाला नाही तो या सुईएवढ्या टोकाने कसा निघावा, हा साधा प्रश्न मला पडला नाही. इझी-आउट आत तुटलं. ते इतक्या कडक पोलादाचं असतं की त्यावर ड्रिल चालत नाही. म्हणजे आधी दाराला कुलूप होतं, आता कुलपात किल्ली मोडली.

चाचा परत आले. काही बोलले नाहीत. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'हात लावला नसतास तर वरून नट ठेवून वेल्डिंग मारलं असतं.' ही युक्ती मला नंतर त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी करून दाखवली. तुटलेल्या बोल्टच्या तोंडावर एक नवा नट धरायचा आणि नटाच्या पोटातून वेल्डिंगचा टाका मारायचा. लोखंडाचा टाका ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे झाकणाला धक्का नाही. बोल्टला नवं डोकं मिळतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आतली भुकटी सुटते ते वेगळंच. लाल असताना हलवायचा नाही, जरा काळवंडू द्यायचा. त्यांनी फिरवला तेव्हा लोण्यातून निघाल्यासारखा निघाला.

माझ्या मोडक्या किल्लीचा इलाज मात्र पुण्यात झाला. इंजिन उघडायचं होतंच, केसचा, म्हणजे इंजिनाच्या कवचाचा, तो अर्धा भाग पिशवीत घालून मी एसटीने भोसरीला घेऊन गेलो. तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये स्पार्क इरोजनचं मशीन आहे. काम तेलाखाली बुडवतात, पितळेची किंवा तांब्याची कांडी जवळ आणतात, आणि कांडी न टेकताच लाखो बारीक ठिणग्या समोरचा धातू कणाकणाने खात जातात. पोलाद कितीही कडक असो, ठिणगीला फरक पडत नाही. पाऊण तास मी त्या तेलात उठणारे बुडबुडे बघत उभा होतो. मशीनवरच्या मुलाने विचारलं, 'इझी-आउट का?' मी मान हलवली. तो म्हणाला, 'आमचा निम्मा धंदा त्याच्यावरच आहे.'

आता रिंग नट. ज्यांनी येझदी किंवा जावा वापरली आहे ते हा शब्द ऐकून हसतील. या गाडीला एकच सिलिंडर पण दोन सायलेन्सर. प्रत्येक सायलेन्सरचा पाइप सिलिंडरच्या तोंडाला एका मोठ्या गोल नटाने धरलेला असतो. त्याला नेहमीचा पाना लागत नाही. नटाच्या कडेला खाचा असतात आणि आकड्यासारखा सी पाना त्या खाचेत अडकवून फिरवावा लागतो. इंजिनाच्या थरथरीने आणि तापण्या-निवण्याने हा नट हमखास सैल होतो, आणि सी पाना हमखास घरी राहिलेला असतो. मग लोक छिन्नी घेतात. त्यामुळे कुठलीही जुनी येझदी बघा, रिंग नटाच्या खाचा चावल्यासारख्या दिसतील.

आमच्या गाडीचे रिंग नट मी पडवीत दुपारी उजेडाला नीट बघितले. खाचांच्या एकाच बाजूला घाव होते, आवळायच्या बाजूला. सोडवायच्या बाजूची कड जवळजवळ कोरी. काही घाव रुंद, काही निमुळते, एकावर एक चढलेले. डोंबिवलीला व्हिडिओ कॉल लावला आणि आप्पांना दाखवले.

'हां, ते माझे,' आप्पा म्हणाले. 'क्लच कव्हर म्हैसूरचं, त्याला मी हात लावला नाही कधी. रिंग नट माझे.'

म्हैसूरचं म्हणजे आयडियल जावा कारखान्यातलं, जसं आलं तसं. 1961पासून तिथे गाड्या निघायच्या, आधी जावा, मग येझदी. कारखाना 1996 साली बंद पडला. त्यानंतरही आठ वर्षं आप्पांनी गाडी चालवली.

'आणि हा केवढा मोठा घाव?'

आप्पांनी चष्मा पुसला. 'तो पोफळीचा असेल. कुंभार्ली घाट उतरून आलो, रात्री साडेनऊ, आणि खाली फटफट सुरू झाली. छिन्नी नव्हती. स्क्रू ड्रायव्हर लावला आणि दगडाने ठोकला.'

मागून आईचा आवाज आला, 'बॅटरी मी धरली होती. पाऊस पडत होता, तेही सांगा.'

तो नट सोडवायचा म्हणजे ते घाव उलट दिशेने मारायचे, हा विचार मला आवडला नाही. चाचांनाही नाही, पण त्यांची कारणं वेगळी होती. सिलिंडर बिडाचा आहे, तोंडाजवळ पातळ आहे, वेडावाकडा ठोका बसला तर तुकडाच निघेल. त्यांनी लोखंडी पट्टी कानशीने घासून तासाभरात दोन खाचांत एकदम बसेल असा सी पाना बनवला. मग ब्लो लॅम्पने फक्त बाहेरचा नट तापवला, म्हणजे नट फुलतो आणि आतलं बीड तुलनेने थंड राहतं. आणि तापलेल्या सांध्यावर त्यांनी मेणबत्ती टेकवली. लोडशेडिंगसाठी कपाटात ठेवलेली, साधी. मेण वितळून सांध्यात गुप्त झालं. खाली ओघळलं नाही, आत गेलं. तापलेल्या फटीत पातळ मेण ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं, शिवाय तेलासारखं भडकून उडत नाही. असं तीन वेळा. संध्याकाळी त्यांनी मला पाना दिला, मी सवयीने हवेत बाण काढला, आधी जरा आवळला, मग सोडला. अठरा वर्षं आणि वर काही पावसाळे त्या नटावर बसले होते. तो कुरकुरत, मेणाचा वास सोडत फिरला.

बाकीच्याची कथा लांबवण्यात अर्थ नाही. मडगार्डचे, नंबर प्लेटचे, सीटचे बोल्ट आम्ही हॅक्सॉने सरळ कापले. त्यावर तेल आणि दिवस घालवणं चाचांना मूर्खपणा वाटला, मलाही. दहा रुपयांचा बोल्ट वाचवायला दिवस घालवू नये, आणि सिलिंडर किंवा केस पणाला लागली असेल तर दिवसांकडे बघू नये. कुठला बोल्ट कुठल्या वर्गात आहे हे पाना लावण्याआधी ठरवायचं असतं. मी पाना लावल्यावर ठरवत होतो.

जोडताना मी प्रत्येक आट्याला तांब्याचं ग्रीस लावलं आणि टॉर्क पान्याने मोजून आवळलं. ठरलेला जोर आला की तो पाना 'टिक्' करतो. चाचांना तो फार आवडला, दोनतीनदा उगाच वाजवून बघितला. 'आप्पांना एक घेऊन दे,' म्हणाले, 'लोणच्याच्या बरणीसाठी.'

जून लागायच्या दोन दिवस आधी गाडी चालू झाली. किक मारायचा दांडाच पुढे ढकलला की गिअरचा होतो, हे विसरून मी पहिल्याच मिनिटाला फजिती करून घेतली. निळा धूर अंगणभर झाला. शेजारच्या काकू नाकाला पदर लावून हसत होत्या. आकाश भरून आलं होतं, पण राहवेना. मोडकाआगरवरून शृंगारतळीकडे निघालो, चाचांना दाखवायला. गाडी गात होती. चढावर दुसऱ्या गिअरला तो जुना पोकळ घुमारा आला, जो मी लहानपणी अंथरुणातून ओळखायचो, आप्पा आले म्हणून.

सात-आठ किलोमीटरवर फटफट सुरू झाली. डावीकडून. थांबून बघितलं तर सिलिंडरच्या तोंडाशी काळ्या तेलाचा फवारा आणि रिंग नट बोटाने हलतोय. गरम होता म्हणून बोट लगेच काढलं. चाचांनी बनवलेला सी पाना पडवीतल्या खिळ्याला टांगलेला होता. सीटखालच्या पिशवीत एक स्क्रू ड्रायव्हर, एक प्लग पाना आणि फडकं. पहिले थेंब पडू लागले. रस्त्याच्या कडेला बघितलं.

रात्री आप्पांचा फोन आला. कशी काय चालली विचारत होते. मी सगळं सांगितलं.

'दगडाने?'

'हो.'

'काळा घेतलास ना? जांभा फुटतो.'